पेटी सगळ्यांची

माणसाला एखादी युक्ती सुचली की लोक म्हणतात, वा, काय डोकं आहे. ती युक्ती पुढे रोज सकाळी धुवायची कोणी, हे मात्र कोणी विचारत नाही. गुणाबाईची युक्ती गुणाबाईच धूत होती, आणि आता तिची साठी जवळ आली होती.

ती उरणकडच्या एका खाडीकाठच्या कोळीवाड्यातली. नवरा काळूराम होडीवर आणि ती पनवेलच्या मच्छी बाजारात. अंगावरची हळद उतरायच्या आत सासूने डोक्यावर पाटी ठेवली, ती पुढे काही उतरली नाही. सासू गेली तेव्हा बाजारातली तिची जागा गुणाबाईला मिळाली. जागा म्हणजे काय, तर खांबाच्या आडोशाला. गिऱ्हाईक आधी शेजारणीकडे बघणार आणि मग चुकून हिच्याकडे. तरी धंदा बरा चाले. माल ताजा आणि जीभ गोड, यावर निम्मं पनवेल बांधून ठेवता येतं.

ताजी मासळी विकणं सोपं असतं. खरी गोम उरलेल्या मासळीत. मासळीवाल्या बाईचं वैर मांजराशी नसतं, पंचांगाशी असतं. सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, मध्ये संकष्टी, एकादशी, आणि श्रावण तर विचारूच नका. देव तेहतीस कोटी आणि खाणारे मोजकेच. कुठली तिथी कधी लागते हे बाजारातल्या बायांना भटजीच्या आधी ठाऊक असे, कारण तिथी चुकली की बोंबील नाल्यात टाकायची पाळी येई. उरलेला माल परत गावी न्यायचा तर एसटीचा कंडक्टर पाटी बघूनच नाक धरी. थर्माकोलचे खोके महिन्याभरात पिचत.

दोन हजार चार-पाच साल असेल. एसटी स्टँडच्या मागे कुमार नावाच्या फ्रीज दुरुस्त करणाऱ्याचा गाळा होता. त्याच्या दाराशी एक मेलेला फ्रीज कधीचा उभा होता आणि कुमार त्यात पाने-पक्कड ठेवी. गुणाबाई रोज त्यावरून जायची. एक दिवस ती थांबली आणि त्याला म्हणाली, "यो आडवा पाडलास तर काय व्हईल?" कुमारला वाटलं, बाई थट्टा करते. खाडीतल्या एका चांगल्या जिताड्याच्या बदल्यात तिने तो फ्रीज घेतला, बाजारात आणला आणि उताणा निजवला. दार झालं झाकण. बुडाशी भोक पाडून पाण्याला वाट दिली. खाली बर्फ, वर मासळी, वर पुन्हा बर्फ. रविवारचा माल मंगळवारी काढला तर कालचा वाटावा असा निघाला.

पहिले दोन दिवस सगळ्या हसल्या. रंभा नावाची एक जिभेची तिखट बाई होती, ती म्हणाली, "गुनीनं मढं आनलंय बाजारात." तिसऱ्या दिवशी तिनेच विचारलं, माझे थोडे बोंबील ठेवशील का गो. मग काय, आज एक, उद्या दुसरी. फ्रीज भरला तेव्हा वर्गणी काढून दुसरा आणला, पुढे तिसरा. पनवेलच्या आसपास नव्या इमारती उठत होत्या, लोक नवे फ्रीज घेत होते आणि जुने टाकत होते. त्यामुळे मढ्यांना तोटा नव्हता.

आता एका पेटीत दहा बायकांची मासळी म्हणजे भांडणाला आमंत्रण. त्यावर तोडगाही आपोआपच निघाला. प्रत्येकीने आपल्या जुन्या लुगड्याचं फडकं फाडायचं आणि आपला माल त्यात बांधून ठेवायचा. कोणाचं लुगडं कसं, हे सगळ्यांना पाठ. हौसाचं हिरवं, रंभाचं चौकडीचं. आणि एक रीत अशी पडली, की जी बाई त्या दिवशी आली नसेल तिचं फडकं पहिलं सोडायचं. तिचा माल आधी विकायचा, मग आपला. पैसे त्याच फडक्यात बांधायचे आणि तिच्या गावाकडे जाणाऱ्या कोणाच्याही हाती द्यायचे. ही रीत कोणी ठरवली, कधी ठरवली, गुणाबाईलाही सांगता आलं नसतं. जुना माल आधी गेला पाहिजे, हे तर साधं व्यवहाराचं. बाकीचं त्याच्या मागोमाग आलं.

या रितीवर कोणी तरलं असेल तर ती हौसा. हौसा पलीकडच्या गावची आणि बाजारात गुणाबाईच्या शेजारी बसणारी. तिचा नवरा रामू बंदरात कामाला होता, त्याची मूत्रपिंडं गेली. आठवड्यातून दोनदा त्याला पनवेलच्या दवाखान्यात मशीनवर न्यायचं. कधी मध्येच दम लागे, पाय सुजत, मग तिसऱ्यांदाही जावं लागे. ज्या बाईला सकाळी उठून आज बाजार की दवाखाना हेच माहीत नाही, तिने नाशवंत मालाचा धंदा करायचा तरी कसा? हौसा करत होती. आली त्या दिवशी बसे, नाही आली त्या दिवशी तिचं हिरवं फडकं सुटे. घर त्यावर चालत होतं. पेटी गेली तर हौसा गेली, हे बाजारातल्या पोरालाही कळलं असतं.

गुणाबाईलाही ते कळत होतं. पण तिचे गुडघे तिला दुसरंच काही सांगत होते.

पेटी सगळ्यांची आणि कटकट गुणाबाईची, असा तो संसार होता. पहाटे सगळ्यांच्या आधी येऊन कालचं पाणी काढायचं. वाकून आत डोकं घालून घासायचं, नाही तर वास धरतो. बर्फाची लादी फोडायची. माझ्या पापलेटावर तुझी करंदी का ठेवली, हे भांडण ऐकायचं. बर्फाची वर्गणी मागायची आणि मागितली म्हणून दोन शब्द खायचे. तिने पाळ्या लावून पाहिल्या. आठवडाभर चालल्या. मग एकीची कंबर धरली, दुसरीची सून बाळंत झाली आणि रंभा सरळ म्हणाली, "तुजी पेटी हाय, तूच धू. तुजी नाय असं आमी बोललो का कदी?" वाईट वाटायचं ते याचंच. नावं ठेवायला पेटी गुणाबाईची आणि माल ठेवायला सगळ्यांची.

घरी काळूराम म्हणे, "सोड गो. कोन पगार देतं तुला?" ती म्हणे, सोडते. आणि पहाटे पुन्हा उठून जाई. अशी सात-आठ वर्षं गेली.

मग अरुंधती आली. म्हणजे ती आधीपासून गिऱ्हाईक म्हणून यायची. रोडपालीला राहणारी, कुठल्याशा मोठ्या कंपनीत नोकरी. दर रविवारी सुरमई घ्यायची आणि भाव न करता घ्यायची, म्हणून बायकांना ती आवडे. एका रविवारी तिने उताण्या फ्रीजकडे नीट पाहिलं. मग कॅमेरा घेऊन आली, मग आणखी दोघांना घेऊन आली. तिच्या कंपनीत समाजासाठी काही करायचा एक विभाग होता आणि तिला त्यात घेतलं होतं. ती गुणाबाईला म्हणाली, "मावशी, आम्ही ऑफिसमध्ये नवीन कल्पना याव्यात म्हणून मीटिंगा घेतो, बक्षिसं लावतो, तरी काही येत नाही. तुम्ही कोणाला न विचारता केवढी सिस्टिम उभी केलीत."

गुणाबाईने माश्या हाकलल्या. सिस्टिम म्हणजे काय ते तिला साधारण कळलं. घासावी लागते ती, असं तिच्या मनात आलं.

अरुंधती काही उंटावरून शेळ्या हाकणारी नव्हती. ती पहाटे येऊन बसली, फडक्यांची रीत समजून घेतली, हौसाशी बोलली. आणि मग तिने विचारलं, "कंपनी तुमच्यासाठी चांगल्या, जाड भिंतीच्या पेट्या करून देईल. तुम्हाला कशा हव्यात? मला वाटतं एकच मोठी सामाईक पेटी करू, आतमध्ये कप्पे पाडू. तुमची जी एकमेकींचा माल विकायची पद्धत आहे ना, तीच खरी भारी आहे. ती मोडायला नको."

त्या दिवशी गुणाबाईने पेटी धुतली होती आणि उठताना तिला खांबाला धरावं लागलं होतं. ती म्हणाली, "बाय, चांगलं हाय ते मना पन ठावं हाय. पन ते चांगलं रोज सकाली घासतं कोन? मोठी पेटी दिलीस तर मोठी घासावी लागंल. सगल्यांना एकेक दे. कुलपाची दे. जिची तिनं धुवावी, जिची तिनं भरावी."

अरुंधतीने ते लिहून घेतलं. मग म्हणाली, "सगळ्यांना विचारू या."

विचारलं. दुपारी बाजार ओसरल्यावर सगळ्या जमल्या. अरुंधतीने दोन्ही बाजू सांगितल्या, प्रामाणिकपणे सांगितल्या. गुणाबाई हौसाकडे बघत नव्हती. तिला भीती होती, हौसा आता रडेल, किंवा नुसती बघेल, आणि मग आपल्याच्याने बोलवणार नाही. पण झालं उलटंच. वेगळ्या पेट्या कोणाला पाहिजेत म्हटल्यावर पहिला हात हौसाने वर केला. तिच्यामागून भराभरा सगळ्यांचे हात वर गेले. आपला हात जगन्नाथ, कोणाला नको असतो? गुणाबाईच्या छातीवरचा धोंडा उतरला. जिला लागणार तिलाच चालतंय, मग आपण कशाला जीव जाळावा, असं तिने मनाशी म्हटलं आणि ते तिला पटलंही.

पेट्या आल्या त्या दिवशी हार-तुरे झाले, फोटो झाले. निळ्या रंगाच्या, जाडजूड, प्रत्येकीला एक कुलूप. गुणाबाईनेच उभं राहून सगळ्यांना बजावलं, "आता एक नेम. दुसरीच्या पेटीला कोनी हात लावायचा नाय. मंग चोरीचा बोल नाय, भांडान नाय." सगळ्यांनी माना डोलावल्या. जुने फ्रीज भंगारवाल्याने नेले.

खरं सांगायचं तर पुढचे काही महिने गुणाबाईच्या आयुष्यातले सुखाचे. आपली एक पेटी, तिला वेळ तो कितीसा लागणार? ती उशिरा येऊ लागली. पहाटेचा चहा घरी बसून प्यायला काय मजा असते हे तिला म्हातारपणी कळलं. गुडघ्याला तेल लावायला वेळ मिळू लागला. भांडणं थांबली. बोलणंही थोडं थांबलं, पण ते तेव्हा कोणाच्या ध्यानात आलं नाही. हौसा येत होती, जमेल तेव्हा. एखाद्या दिवशी नाही आली तर दुसऱ्या दिवशी लवकर येऊन आपला माल विकायची.

मग एक रविवार असा आला की त्याच दिवशी संकष्टी. बाजारात शुकशुकाट. संध्याकाळी सगळ्यांच्या पेट्या गच्च भरल्या. हौसाने त्या दिवशी नेमकी कोळंबी जास्त आणलेली. ती सगळी पेटीत गेली, वर बर्फ, वर कुलूप.

सोमवारी मासळी खपत नाही, पण बर्फ मात्र घालावाच लागतो. गुणाबाई सकाळी आली, आपल्या पेटीत बर्फ घातला आणि उठताना तिचं लक्ष शेजारी गेलं. हौसा आली नव्हती. पेटीखालची जमीन ओली होती. बर्फ सुटत होता. फोन करावा असं तिच्या मनात आलं. फोन सगळ्यांकडेच होते. पण फोन केला असता तर हौसाने काहीतरी सांगितलं असतं, आणि सांगितलं की मग करावं लागलं असतं. बाहेर रिक्षात सून कीर्ती नातवंडांना घेऊन थांबली होती. त्या दिवशी ती सगळी कर्नाळ्याला जाणार होती. कर्नाळ्याचा तो अंगठ्यासारखा सुळका गुणाबाई जन्मभर लांबून बघत आली होती, जवळ कधी गेली नव्हती. येईल हौसा दुपारपर्यंत, असं म्हणून ती निघाली. कर्नाळ्याला पोरांनी पिंजऱ्यातले पोपट पाहिले, तिने झाडाखाली बसून भाकरी खाल्ली आणि जराशी झोपसुद्धा काढली.

मंगळवारी गिऱ्हाईक आलं, रविवारची सगळी कसर भरून काढत आलं. गुणाबाईला मान वर करायला फुरसत नव्हती. दुपारी शेजारच्या पेटीतून वास यायला लागला होता. अजून अर्धा माल वाचला असता. रंभा म्हणाली, "हौशीचा माल बसतोय गो." गुणाबाई म्हणाली, "बसतोय." आणि दोघी एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिल्या. कुलूप काही सोन्याचं नव्हतं. एका दगडाचं काम होतं. पण नेम होता, आणि नेम गुणाबाईचाच होता. तो मोडला असता तर पुन्हा कोणाचा माल कोणी विकायचा, पैसे कोणी न्यायचे, सगळं तिथूनच सुरू झालं असतं. दोघींनीही आपापल्या मालावर पाणी शिंपडलं.

बुधवारी गिऱ्हाइकं नाकाला रुमाल लावू लागली, तेव्हा मात्र सगळ्यांनी मिळून कुलूप तोडलं आणि कोळंबी नाल्यात ओतली. ते करायला सगळ्यांचे हात लागले.

गुरुवारी हौसा आली. रविवारी रात्रीच रामूला दवाखान्यात ठेवावं लागलं होतं, आता बरा होता. तिने तुटकं कुलूप पाहिलं, रिकामी पेटी पाहिली, पेटी बसून धुतली. कोणाला एक शब्द बोलली नाही. भांडली असती तर बायकांना बरं वाटलं असतं. पुढच्या आठवड्यात ती दोनदा आली. मग यायची थांबली.

गुणाबाई तिच्या घरी गेली ती महिन्याभराने.  हौसा ओटीवर तांदूळ निवडत होती, रामू आत पडला होता. हौसा आता कोळंबी सोलायच्या शेडवर जात होती. गेली त्या दिवसाची मजुरी, नाही गेली तर नाही. बाजारात ती बाई आपल्या मालाची मालकीण होती. गुणाबाईला ते पाहवेना.

"हौसे, मी कुलूप तोडायला पायजे व्हतं," ती म्हणाली. "मंगलवारीच तोडायला पायजे व्हतं."

"नेम व्हता ना," हौसा म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता.

"मंग तू हात का वर केलास गो पयला? तू नाय बोलली असतीस तर मी गप राहिले असते."

हौसाने सूप खाली ठेवलं. "तुजे पाय बगत व्हते ना मी रोज. खांबाला धरून उटायचीस. त्या पेटीत सगल्यांत जास्त दिस माजाच माल पडलेला असायचा, म्हंजे माज्यासाटीच घासत व्हतीस ना तू? मना वाटलं, आपुन हात वर केला का सुटंल बिचारी."

गुणाबाईने पदर तोंडाला लावला. मग ती म्हणाली, "उद्यापासना माज्या पेटीत ठेव तुजा माल. तू नाय आलीस तर मी इकीन. कोन काय बोलतं बगते मी."

"नको गो," हौसा म्हणाली. "परत तेच व्हईल. आज मी, उद्या रंभा, परवा आनकी कोन. तू आता बस जरा."

गुणाबाईने पुन्हा आग्रह करायला हवा होता. तिने केला नाही. 'नको' ऐकल्याबरोबर तिला आधी हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं हे कळल्यावर स्वतःचीच किळस आली. तिने चहा घेतला, रामूची चौकशी केली आणि ती उठली. उठताना गुडघा कळवळला तेव्हा हौसाच पुढे झाली आणि तिने हात दिला. रस्त्यापर्यंत ती हात धरून आली. गुणाबाई घरी जाऊन काळूरामला म्हणाली, हौसा मजेत आहे, आणि सकाळी आपली पेटी उघडायला बाजारात गेली.